विषाणूची वंशावळ

गावात साथ आली की पहिला प्रश्न ‘उपाय काय?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘आणली कोणी?’ १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. परगावचा माणूस दारात उभा राहिला की घरातली मंडळी आधी त्याच्या तोंडाकडे पाहत आणि मग ‘या’ म्हणत. अशा गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. तो प्रश्न भीतीतून येतो, म्हणून त्याला हसू नये. परंतु त्याचे उत्तर बहुधा चौकशीशिवाय दिले जाते, आणि ते चुकले तर त्याचे मोल निरपराध माणसाला द्यावे लागते.

एच.आय.व्ही. या विषाणूच्या बाबतीत तर हे फारच घडले. हा विषाणू शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून आणि मातेकडून अर्भकाला जातो, एवढे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु एखाद्या मुलखात तो कोणत्या वाटेने पसरतो, हे ठरविण्याचे एक निराळेच साधन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे. ते साधन म्हणजे खुद्द विषाणूची वंशावळ. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख मागितला, तेव्हा आहारविहाराचे नियम लिहिण्यापेक्षा याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. आपल्या मंडळींत वंशावळीची आवड आहेच. कुलवृत्तांत छापून ठेवणारे आणि त्र्यंबकेश्वरी गेले की उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही शोधणारे आपणच आहोत.

विषाणूची वंशावळ कशी काढतात हे समजण्यासाठी पोथ्यांचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी या कामाला शास्त्रीय शिस्त लावली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिपींतल्या पोथ्या गोळा केल्या. प्रत्येक पोथी कोणत्या तरी जुन्या पोथीची नक्कल. नक्कल करणाराचा हात चुकतो, डोळा ओळ गाळतो. एकदा चूक झाली की त्या पोथीवरून पुढे होणाऱ्या सर्व नकलांत ती उतरते. म्हणून दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ पोथीच्या वंशातल्या, असा तर्क करता येतो. येथे एक मर्म ध्यानात ठेवावे. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असणे हा काही नात्याचा पुरावा नव्हे, कारण बरोबर पाठ सर्वांकडेच असतो. नाते सांगते ती सारखी चूक.

आता पोथीच्या जागी विषाणू ठेवा. एच.आय.व्ही.ची सारी ‘पोथी’ सुमारे ९,७०० अक्षरांची आहे, आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. विषाणू माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरतो आणि आपली नक्कल करवून घेतो. परंतु ही नक्कल करणारा त्याचा लेखनिक फार निष्काळजी आहे. लिहिलेले पुन्हा वाचून दुरुस्त करण्याची सवयच त्याला नाही. सरासरी तीन नकलांमागे एखादे अक्षर चुकते. औषध न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात असे नवे विषाणू दररोज सुमारे एक हजार कोटी तयार होतात. तेव्हा थोड्याच काळात एकाच माणसाच्या शरीरात एकमेकांशी मिळतेजुळते पण तंतोतंत सारखे नसलेले असंख्य पाठ नांदू लागतात. ही उधळमाधळ रोग्याच्या दृष्टीने वाईटच, कारण तिच्यामुळे लस करणे अवघड झाले आणि औषधांना न जुमानणारे विषाणू निपजतात. पण संशोधकाच्या दृष्टीने हीच सोन्याची खाण ठरली. देवीच्या विषाणूची पोथी इतक्या सावकाश बदलते की शेजारच्या दोन रोग्यांतला फरक सापडणे कठीण. एच.आय.व्ही. मात्र वर्षावर्षाच्या खुणा मागे ठेवीत जातो.

या खुणांवरून केवळ नातेच नव्हे, तर काळही काढता येतो. निरनिराळ्या वर्षी घेतलेल्या रक्तांतील विषाणू ताडून पाहिले की दर वर्षी साधारण किती अक्षरे पालटतात हे कळते. मग दोन नमुन्यांत अमुक इतका फरक असेल, तर त्यांचा समान पूर्वज किती वर्षांमागे असावा याचा हिशेब मांडता येतो. आज किन्शासा म्हणतात, त्या बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिल शहरातील दोन जुने नमुने जगापुढे आहेत. एक १९५९ सालचे रक्त आणि दुसरा १९६० सालचा ग्रंथीचा तुकडा. अवघ्या वर्षाच्या अंतराने एकाच शहरात घेतलेले हे दोन विषाणू एकमेकांपासून इतके दूर गेलेले निघाले की त्यांचा समान पूर्वज कित्येक दशके आधी होऊन गेला असला पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभर पसरलेल्या मुख्य शाखेचे मूळ त्याच शहरात १९२०च्या सुमारास असल्याचा निष्कर्ष निघाला. तेथून तो पसरला तो मुख्यतः आगगाडीच्या वाटेने. खाणींच्या मुलखाकडे जाणारी रेल्वे आणि काँगो नदीवरील वाहतूक यांची वाट आणि विषाणूच्या शाखांची वाट बरीचशी जुळते. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली आणि अमक्या-तमक्याने तो जगात आणला अशा कहाण्या सुरू झाल्या, तेव्हा विषाणूचे वय साठीच्या घरात होते!

भारतात १९८६ साली चेन्नईत पहिले रुग्ण आढळले. आपल्याकडे प्रामुख्याने आढळतो तो ‘सी’ नावाचा उपप्रकार. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूलाही तोच आहे, परंतु भारतातील बहुतेक नमुने वंशवृक्षावर एकाच फांदीला लागलेले दिसतात. म्हणजे बाहेरून तो पुनःपुन्हा येत राहिला असे नसून, थोड्याच वेळा आला आणि मग येथेच वाढला. त्या फांदीचा उगम बहुतेक अभ्यासकांनी १९७०च्या आसपासचा धरला आहे. १९८६ साली आपण त्याला पाहिले, एवढेच.

परंतु या विद्येची खरी कसोटी एखाद्या लहान मुलखात लागते. त्यासाठी युगांडा देशातील राकाई जिल्ह्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

राकाई हा व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा, टांझानियाच्या सीमेला लागून असलेला जिल्हा. काठावर कासेन्सेरोसारख्या मच्छीमारांच्या वस्त्या, आत केळीच्या बागा, शेतकऱ्यांची गावे आणि हमरस्त्यावरची व्यापारी पेठ. १९८०च्या दशकाच्या आरंभी या वस्त्यांत माणसे झिजून झिजून मरू लागली. लोकांनी रोगाला ‘स्लिम’, म्हणजे काटकुळा, असे नाव दिले. सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यांना येथल्यांनी फसविले, म्हणून त्यांनी करणी केली, असेही लोक म्हणत असत. १९८५ साली हा रोग म्हणजे एड्सच असे डॉक्टरांनी दाखवून दिले. करणीची समजूत हळूहळू गेली, पण ‘आणला कोणी’ हा प्रश्न गेला नाही. आता बोट सरोवराकाठच्या मच्छीमारांकडे वळले.

आणि वरवर पाहता त्यात तथ्यही दिसत होते. शेतकऱ्यांच्या गावांत शंभर प्रौढांमागे सुमारे चौदा जणांना लागण, तर मच्छीमारांच्या वस्त्यांत जवळजवळ चाळीस जणांना! मच्छीमार आज या धक्क्यावर तर उद्या त्या, हातात रोख पैसा, वस्तीत मद्यालये, कुटुंबापासून दूर राहणारे पुरुष आणि पोटासाठी आलेल्या एकट्या स्त्रिया. तेव्हा विद्वान मंडळींनीही असे धरून चालावे यात नवल नाही की, रोगाचा झरा येथे आहे आणि तेथून तो आतल्या गावांत झिरपतो. झरा बुजविला की आतली गावे आपोआप कोरडी होतील, असा हा तर्क होता.

राकाईत १९९४ पासून घरोघर जाऊन, लोकांच्या संमतीने नियमित पाहणी होत आली आहे. २०११ ते २०१५ या काळात आतली ३६ गावे आणि काठच्या ४ वस्त्या मिळून पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी या पाहणीत भाग घेतला. त्यांपैकी लागण झालेल्या २,६५२ जणांच्या विषाणूची पोथी वाचण्यात आली. आणि ती नुसती एकेक वाचली नाही, तर प्रत्येकाच्या शरीरातले अनेक पाठ वेगवेगळे वाचले.

हे अनेक पाठ वाचण्याला महत्त्व आहे, म्हणून पुन्हा पोथ्यांकडे वळू. समजा, दोन घरांत एकाच ग्रंथाच्या पोथ्या सापडल्या. प्रत्येक घरातली एकेकच पोथी पाहिली, तर दोन्हींचे नाते आहे एवढे कळेल, पण कोणी कोणावरून उतरली हे कळणार नाही. परंतु पहिल्या घरात वीस नकला निघाल्या, त्यांत नाना प्रकारचे पाठभेद निघाले, आणि दुसऱ्या घरातल्या साऱ्या नकला त्या वीसांपैकी एकाच नकलेच्या संततीत बसल्या, तर पोथी पहिल्या घरातून दुसऱ्या घरी गेली असे मानण्यास जागा आहे. संसर्ग होताना बहुधा एखाददुसराच विषाणू नव्या शरीरात रुजतो, म्हणून हा न्याय येथे लागू पडतो. या रीतीने कोणाकडून कोणाकडे, अशी दिशा ज्यांत बऱ्याच खात्रीने सांगता आली अशा २९३ जोड्या हाती लागल्या. मग ज्यांचे रक्त तपासलेच गेले नाही त्यांच्याबद्दलची तूट हिशेबात धरून, काठाकडून आत किती आणि आतून काठाकडे किती, याचा ताळेबंद मांडला. हे सारे २०२० साली प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष तर्काच्या उलट निघाला. बहुतेक संसर्ग आतल्या गावांत आतल्यांकडून आतल्यांना, आणि काठावर काठच्यांकडून काठच्यांना झालेले होते. दोहोंमध्ये जी थोडी देवघेव होती, तिच्यात काठाकडून आत येणाऱ्या विषाणूपेक्षा आतून काठाकडे जाणारा विषाणू अधिक होता. ज्याला झरा म्हटले तो वस्तुतः डोह निघाला, पाणी त्याच्याकडे वाहत होते.

असे का व्हावे? एक कारण साध्या त्रैराशिकाचे आहे. आतल्या गावांत लागणीचे प्रमाण कमी, पण वस्ती कितीतरी मोठी. त्यामुळे विषाणू बाळगणाऱ्या माणसांची संख्या आतच अधिक. शेकडा प्रमाण आणि एकूण संख्या यांची गल्लत आपण हिशेबाच्या वहीत करीत नाही, माणसांच्या बाबतीत मात्र हटकून करतो. दुसरे कारण स्थलांतराचे. काठच्या वस्त्यांकडे जे नवे लोक राहावयास येत, त्यांच्यात आधीच लागण झालेल्यांचे प्रमाण जास्त असल्याचे याच भागातील दुसऱ्या पाहणीत दिसले. घर मोडले, जोडीदार गेला, गावाने तोंड फिरविले, मग माणूस जाणार कोठे? मला वाटते, जेथे कोणी मागची चौकशी करीत नाही तेथेच तो जाणार. गावाने घालवून दिलेले दुःख काठावर जमा झाले आणि पुढे गावच काठाला नावे ठेवू लागले, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

याचा अर्थ काठच्या लोकांना औषधे द्यावयाची नाहीत असा मुळीच नव्हे. २०११ नंतर त्या वस्त्यांत जोराने उपचार झाले आणि पाच-सहा वर्षांत तेथील नव्या लागणीचे प्रमाण निम्म्यावर आले. हा त्या लोकांचा हक्कच होता. मात्र तेवढ्याने आतली गावे सुटतील ही आशा खोटी ठरली. आतल्या गावांनी आपले घर आपणच झाडले पाहिजे, हे विषाणूच्या पोथीने सांगितले.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात असाच एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे कोडे निराळे होते. विशी-पंचविशीच्या आतील मुलींत लागण भराभर वाढे, पण त्याच वयाच्या मुलांत तितकी नसे. साहजिकच मुलींच्या वर्तनावर टीका होई. हे बहुतेक ठिकाणी होतेच. १,५८९ जणांच्या विषाणूंचे वाचन करून ९० निकटचे गट सापडले. त्यांत पंचविशीच्या आतील मुलींशी ज्या पुरुषांचा विषाणू जुळला, ते त्यांच्याहून सरासरी पावणेनऊ वर्षांनी मोठे होते. पंचवीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांचा विषाणू मात्र साधारण त्यांच्याच वयाच्या पुरुषांशी जुळला. आणि मुलींशी जुळलेल्या पुरुषांपैकी शेकडा ३९ जणांचा विषाणू या थोराड वयाच्या स्त्रियांशीही जुळत होता. म्हणजे चक्र असे: तरुण मुलीला लागण होते ती मोठ्या पुरुषाकडून. ती मुलगी तिशीला येते, तिच्या वयाच्या पुरुषाला तिच्यापासून लागण होते, आणि तो पुरुष पुन्हा एखाद्या कोवळ्या मुलीकडे वळतो. नुसत्या मुलींना उपदेश करून हे चक्र थांबणारे नाही. पंचवीस ते चाळीस वयाचे जे पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांना शोधून औषध दिले पाहिजे, हे त्यातून निघाले.

या विद्येचा एक मोठा उपयोग आपल्या पुण्यातही झाला आहे. २०११ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल जाहीर झाला. नऊ देशांतील १,७६३ जोडपी तिच्यात होती, आणि भारतातली केंद्रे चेन्नई व पुणे येथे होती. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण झालेली व दुसऱ्याला नाही. निम्म्यांना औषध लगेच दिले, निम्म्यांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रकृती काहीशी खालावल्यावर. पुढे ३९ जोडीदारांना लागण झाली. आता या ३९ जणांना ती घरातल्या जोडीदाराकडूनच झाली असे धरावे काय? विषाणू ताडून पाहिले तेव्हा २८ जणांचा विषाणू जोडीदाराशी जुळला, उरलेल्या ११ जणांचा जुळल्याचे सिद्ध झाले नाही. त्या २८ पैकी २७ हे उशिरा औषध देण्याच्या गटातले, आणि लगेच औषध देण्याच्या गटातला फक्त एक! शेकडा ९६ संसर्ग टळले. वंशावळ पाहिली नसती तर जोडीदाराशी न जुळलेले संसर्गही या हिशेबात मिसळले असते आणि औषधाचा गुण इतका स्वच्छ दिसला नसता. नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आज निश्चित झाले आहे. आपल्या मुलामुलींच्या सोयरिकी पाहणाऱ्या वडीलमंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी माझी विनंती आहे.

आता या साधनाच्या मर्यादेकडे वळतो, कारण चाकू भाजीही चिरतो आणि बोटही.

‘अ’चा विषाणू ‘ब’च्या विषाणूशी अगदी जवळचा आहे, एवढ्यावरून ‘अ’ने ‘ब’ला दिला असे सिद्ध होत नाही. मध्ये तपासणीत न आलेला ‘क’ असू शकतो. दोघांनाही एखाद्या ‘ड’कडून मिळालेला असू शकतो. दिशेचा अंदाजही शंभरांत काही वेळा चुकतोच. शेकडो जोड्यांचा एकत्र ताळेबंद मांडताना या चुका हिशेबात धरता येतात, परंतु एका माणसाला पिंजऱ्यात उभे करताना तसे करता येत नाही. म्हणून ही विद्या एखाद्याला दोषी ठरविण्यापेक्षा निर्दोष ठरविण्यास अधिक समर्थ आहे. विषाणू दूरचे निघाले तर नाते नाही हे ठामपणे सांगता येते.

लिबियातील बेनगाझी शहराचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. १९९८ साली तेथील मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक बालकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघडकीस आले. आईबापांच्या आक्रोशाची कल्पनाच करावी. बल्गेरियाहून आलेल्या पाच परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी मुद्दाम विषाणू टोचला असा आरोप ठेवण्यात आला. २००४ साली त्यांना मृत्युदंड फर्मावला गेला. २००६च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या विषाणूंची वंशावळ प्रसिद्ध केली. हे परदेशी लोक मार्च १९९८ मध्ये कामावर आले होते, परंतु मुलांतील विषाणूचा वंश त्याआधीच त्या रुग्णालयात फुटत गेला होता, असे तीत दिसत होते. याच मुलांपैकी अनेकांत आढळलेल्या काविळीच्या विषाणूनेही तीच साक्ष दिली. अर्थ उघड होता. सुया व उपकरणे यांची स्वच्छता फार आधीपासून बिघडलेली होती. तरीही त्याच महिन्यात न्यायालयाने पुन्हा मृत्युदंडच फर्मावला. २००७च्या जुलैत, वाटाघाटीनंतर, ती माणसे सुटून बल्गेरियाला गेली. पुरावा होता, पण ‘आणला कोणी’ याचे उत्तर आधीच ठरून गेले होते.

आपल्या देशात २०१७ साली एच.आय.व्ही.विषयक कायदा झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. कायद्यातील अपवाद सोडता संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि लेखी संमती किंवा न्यायालयाचा हुकूम यांवाचून कोणाची लागण दुसऱ्यास सांगता येत नाही. वंशावळ काढणाऱ्या प्रयोगशाळांत नाव नसते, फक्त क्रमांक, वय, वर्ष आणि भाग. पण लहान गावात वय आणि वाडी सांगितली की नाव सांगितल्यासारखेच होते. म्हणून जबाबदार संशोधक नकाशा छापताना गावांची नावे गाळतात आणि ठिपके मुद्दाम थोडे हलवून ठेवतात. ज्याने संमती दिली त्याने रक्ताची एक कुपी दिलेली असते, शेजाऱ्यांच्या हाती आपली कुंडली दिलेली नसते.